भिंतीला टेकायचं कुणी?

रंगाच्या दुकानात दोन प्रश्न ठरलेले असतात. रंग कोणता आणि बजेट किती. नगर असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, दसऱ्याच्या तोंडावर दुकानदार शेडकार्ड पुढे सरकवतो, गिऱ्हाईक एका चौकोनावर बोट ठेवतं, टिंटिंग मशीन फिरू लागतं आणि डब्याचं झाकण ठोकता ठोकता दुकानदार तिसरा प्रश्न विचारतो, मॅट देऊ की शाइनवालं? उत्तर लगेच येतं. शेजारच्यांनी जे मारलं ते, किंवा पेंटर जे म्हणाला ते. छटा ठरवायला घरात आठवडाभर चर्चा झालेली असते. भिंतीची तकाकी मात्र एका शब्दात ठरते.

मला वाटतं, घराच्या दृष्टीने हा तिसरा प्रश्न पहिला आहे. छटा डोळ्यांसाठी असते आणि डोळे महिनाभरात तिला सरावतात. फिनिशशी मात्र अंगाचा रोजचा संबंध येतो. अंधारात बटण चाचपडणारा हात, अंथरुणावरून उठताना भिंतीला दिलेला तळवा, टेकलेली पाठ, फोडणीचा धूर, खुंटीवरचा ओला टॉवेल, भिंतीला लावून ठेवलेली सायकल. कोणत्या खोलीला कोणतं फिनिश हे ठरवताना आपण खरं म्हणजे एक वाटणी करत असतो. भिंतीने किती सोसायचं आणि माणसांनी किती जपायचं, याची वाटणी. ती न बोलता होते, म्हणून बहुतेक वेळा घरातल्या अशा माणसाच्या वाट्याला जपणं येतं, ज्याला कुणी विचारलेलंच नसतं.

चुन्याच्या भिंतीत ही वाटणी उघड होती. चुनकळी पाण्यात टाकली की ती फसफसून उकळायची आणि लहान मुलांना तिथून हाकललं जायचं. विरलेला चुना फडक्यातून गाळायचा, त्यात चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक घालायचा आणि कुंच्याने हात मारायला लागायचं. पहिला ओला हात पाणचट दिसतो, मागची भिंत त्यातून जवळजवळ तशीच्या तशी दिसते आणि नवख्याला वाटतं की काही बसलंच नाही. पाणी उडून त्या जागी हवा शिरली की तीच भिंत पांढरीशुभ्र होते. चुन्याचा कण आणि पाणी यांच्या सीमेवर प्रकाश फारसा वळत नाही, कण आणि हवा यांच्या सीमेवर बराच वळतो आणि चहूकडे विखुरतो, एवढंच त्याचं कारण. पुढे हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. त्यासाठी अंगात थोडी ओल टिकावी लागते. मे महिन्याच्या उन्हात मारलेला चुना पुरता पक्का होण्याआधीच सुकतो आणि भुकटी होऊन हाताला येतो. पावसाळा सरला, विहिरींना पाणी आहे, ऊन निवलं आहे, अशा वेळी दिवाळीआधी घर पांढरं करायचं, या रिवाजात सणाइतकंच रसायनशास्त्रही होतं.

चुन्याच्या भिंतीचा करार सरळ होता. ती आतली ओल बाहेर सोडील, दर वर्षी थोडक्या पैशांत नवी होईल, नव्या भेगा नव्या हाताखाली झाकून घेईल. बदल्यात तिला कुणी टेकायचं नाही, कारण टेकलं की पाठ पांढरी. तिच्या पायथ्याशी हात-दीड हात गेरूचा पट्टा असे, कारण जमीन सारवताना पोतेऱ्याचे शिंतोडे तिथवर उडत. माणसांना टेकायला लोड असत, नाही तर माळवद पेलणारे लाकडी खांब. घरातल्या वडीलधाऱ्यांची बसायची जागा खांबाजवळच ठरलेली असे. आमच्या नगर जिल्ह्याला तर टेकण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. नेवाशाला ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, त्या पैस खांबाचं दर्शन घ्यायला लोक आजही प्रवरेकाठी जातात.

मग डिस्टेंपर आला, ऑइल पेंट आला, प्लास्टिक पेंट आला. यांत काय बदललं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दुकानातली सगळी नावं त्यावर उभी आहेत. कोणत्याही रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात, भुकटी आणि तिला धरून ठेवणारी राळ. भुकटीत टायटॅनियम डायऑक्साइड, खडू, चिनी माती असं काही असतं. राळ अल्किड असते किंवा अॅक्रिलिक. राळ मुबलक असली की ती प्रत्येक कणाला पूर्ण वेढते आणि वर सलग, गुळगुळीत थर धरते. त्यावरून प्रकाश एका दिशेने परततो आणि भिंत चमकते. भुकटी वाढवत नेली की एका मर्यादेपुढे राळ पुरत नाही, कणांची टोकं उघडी राहतात, मध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि प्रकाश विखुरतो. ही मॅट. याच पोकळ्यांमधून हळद, तेल, चहा आत शिरतो. तकाकी आणि धुता येणं या गोष्टी जोडीने येतात त्या एवढ्यासाठी. अलीकडचे महाग धुता येण्याजोगे मॅट रंग चांगल्या राळेच्या जोरावर हे नातं बरंच सैल करतात, पण पुरतं तोडत नाहीत.

सिल्क, सॅटिन, लस्टर, सॉफ्ट शीन ही कंपन्यांची आपापली नावं आहेत. एकाची सॅटिन दुसऱ्याच्या लस्टरइतकी चमकू शकते. युरोपातल्या मानकात आतल्या भिंतींच्या रंगाची तकाकी मोजायला 60 आणि 85 अंशांचे कोन धरलेले आहेत. 85 अंशांवर आकडा 10च्या खाली असेल तर मॅट, 5च्याही खाली असेल तर अगदी निस्तेज मॅट. 85 अंश म्हणजे भिंतीला जवळजवळ गाल लावून तिच्या लांबीने खिडकीकडे पाहणं. ही परीक्षा यंत्राशिवायही करता येते. समोरून मॅट दिसणारा रंग असा तिरका पाहिला की पुष्कळदा चकाकतो, आणि घरात आपण भिंती तिरक्याच जास्त पाहतो.

फिनिश कामावरून ठरतं हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते जुन्या शाळेच्या वर्गात. त्या एका खोलीत दोन टोकाची फिनिशं शेजारी शेजारी असत. खाली, मुलांच्या खांद्याइतक्या उंचीपर्यंत, ऑइल पेंटचा तपकिरी किंवा निळा पट्टा. मुलं त्याला पाठ लावत, दप्तर घासत, शाईचे हात पुसत, आणि तो पट्टा ओल्या फडक्याने साफ होई. समोर फळा, अगदी निस्तेज काळा. खडू धरायला त्याला खरबरीत अंग लागतं आणि खिडकीतल्या उजेडाने चमकून चालत नाही. फळा गुळगुळीत होऊन चमकू लागला की खिडकीच्या समोरच्या बाजूला बसलेल्या मुलांना अक्षरं दिसेनाशी होतात, आणि असं मूल बरेच दिवस गुरुजींना सांगतही नाही, शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवून घेतं. म्हणून वर्षातून एकदा फळा पुन्हा काळा करायचा. इतका नेमका विचार सरकारी शाळेच्या खोलीत झाला होता, आणि लाखो रुपये घालून बांधलेल्या आपल्या बंगल्यात आपण सगळ्या भिंतींना एकच डबा लावतो.

याचा परिणाम पाहायचा तर कोणत्याही घरात दिवाणामागची भिंत पाहावी. जमिनीपासून तीनेक फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक गोल डाग असतो. साधारण तळहाताएवढा, कडेला मळकट, मध्ये किंचित काळपट आणि चमकदार. घरातले आजोबा किंवा आजी रोज तिथे बसतात, डोक्याला खोबरेल असतं, बातम्या बघता बघता मान मागे जाते. मॅट भिंतीच्या पोकळ्यांत हवेच्या जागी तेल शिरतं, प्रकाश विखुरायचा थांबतो आणि ती जागा गडद होते. चुना सुकताना घडलं होतं त्याच्या बरोबर उलट इथे घडतं. वर रोजच्या घासण्याने भिंतीचा खरबरीतपणा झिजून तिथे चमकही येते. साबणाने घासलं तर डाग फिकट होतो आणि भोवती दुप्पट मोठा पांढुरका चट्टा पडतो. मग घराला नवा रंग लागतो, आणि पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, "आप्पा, भिंतीला टेकू नका हं, नवीन रंग आहे." आप्पा पुढे सरकून बसतात.

मला या वाक्याचं फार वाईट वाटतं. बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं, खर्च झालेला असतो, कष्ट झालेले असतात. पण सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसाची पाठ आधाराशिवाय तासभर ताठ राहत नाही. त्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत सॅटिन किंवा लस्टर मारलं असतं, तर तेल वरच राहिलं असतं आणि आठवड्यातून एकदा ओलं फडकं फिरवून पुसता आलं असतं. फरक एका भिंतीपुरता आणि एका छोट्या डब्याचा. तेवढा विचार झाला नाही, म्हणून जपण्याचा भार घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसावर गेला.

दुसरा भार पुसणाऱ्यावर जातो, आणि पुसणारी बहुधा घरातली बाई असते. 'धुता येण्याजोगा' हे जाहिरातीत भिंतीचं कौतुक असतं. घरात ते कुणाचं तरी काम होतं. चुन्याची भिंत मळली तर ती मळलेली म्हणून दिवाळीपर्यंत सोडून दिली जाई, तिला कुणी दोष देत नसे. चकचकीत भिंतीवर हात उमटला की तो उमटलेला दिसतो आणि कुणी का पुसला नाही हेही दिसतं. म्हणून सगळं घर चकचकीत करावं असं मी म्हणणार नाही. जिथे हात लागतो, तेल उडतं, डोकं टेकतं, तिथे पुसता येईल असं फिनिश हवं. जिथे कुणाचा हात पोहोचत नाही तिथे ते असण्याचं कारण नाही. आणि कोणत्या भिंतीला काय लागणार हे ठरवताना ती पुसणारीचा शब्द शेवटचा असावा.

यात आपल्या जिल्ह्याच्या भिंतींचा वेगळा विचार करावा लागतो. 17,048 चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगर. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघर भागात, कळसूबाईच्या पायथ्याशी पावसाळाभर घरात कपडे वाळत नाहीत. तिकडे पाथर्डी-जामखेडला पावसाची वाट पाहण्यात नक्षत्रं जातात. मधला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांचा पट्टा उसाचा, काळ्या मातीचा. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरच्या घरांना केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. या भेगा मॅटवर लपतात. ग्लॉसवर उजेड प्रत्येक भेगेची रेघ ओढून दाखवतो. वर्षानुवर्षं पाणी देऊन काही जमिनी चोपण झाल्या, तिथे बोअरचं पाणीही खारं. त्या पाण्यात कालवलेल्या गिलाव्यातून क्षार वर येतात आणि भिंतीला लोणा लागतो.

लोणा लागलेल्या किंवा पायातून ओल चढणाऱ्या भिंतीवर ऑइल पेंट मारणं ही इथे सर्रास होणारी चूक आहे. ओल दिसते, पोपडे निघतात, म्हणून माणूस जास्त 'मजबूत' रंग शोधतो. तो सलग थर भिंतीचं तोंड बंद करतो. आतलं पाणी जाणार कुठे? ते थरामागे क्षार साठवत राहतं आणि एके दिवशी पंजाएवढे पापुद्रे सुटतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर घाईने ऑइल पेंट मारला तरी वेगळ्या वाटेने तेच होतं. गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो, अल्क आणि तेल ओलीत एकत्र आले की साबण होतो, आणि रंग चिकट होऊन सोलून निघतो. ओल असलेल्या दगड-मातीच्या जुन्या भिंतीला आजही चुन्यासारखं वाफ सोडणारं फिनिशच योग्य. ते स्वस्त आहे म्हणून कमी प्रतीचं, हा समज सोडून द्यायला हवा.

चमक आणि भिंतीचा श्वास यांचं वैर मात्र कायमचं नाही. नगर शहराजवळचा फराहबाग पाहावा. निजामशाहीच्या काळात, 1583 मध्ये पूर्ण झालेला हा महाल तळ्याच्या मधोमध उभा केलेला. ओबडधोबड दगड आणि चुन्यात बांधलेल्या भिंती, त्यांवर चुन्याचाच जाड गिलावा आणि त्यात काढलेले कोनाडे, नक्षी. चारही बाजूंनी पाणी असलेल्या इमारतीला त्या कारागिरांनी दगडाइतकीच ओल झेलणारं आणि सोडणारं अंग दिलं. चुन्यालाही तकाकी आणता येई. घाण्यात मळलेला चुना लावून तो ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने तासन् तास घोटायचा. ती चमक वर चढवलेल्या राळेच्या थराची नसे, दाबून दाबून सपाट केलेल्या पृष्ठभागाची असे, आणि तिच्यातून वाफ जाऊ शके. घोटाईचं काम जाणणारे हात आता फार थोडे उरले आहेत. नवं घर बांधणाऱ्यांपैकी ज्यांना परवडतं त्यांनी निदान एका भिंतीला ते काम द्यावं असं मला मनापासून वाटतं.

चकचकीत भिंतीच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. ज्यांचं बालपण पाठीला चुना आणि डोक्यात मातीची ढेकळं घेत गेलं, त्यांना हाताला काही न लागणारी, ट्यूबलाइटमध्ये लखलखणारी भिंत म्हणजे कष्टाचं चीज वाटलं तर त्यात गैर काय? लग्नाआधी घर रंगवताना बाप ऑइल पेंटच सांगायचा, कारण तो पाहुण्यांना लांबून दिसे. पण आता ती गरज सरली आहे. उलट भिंतीवरच बसवलेली ट्यूब किंवा छतातून खाली सोडलेली दिव्यांची पट्टी भिंतीला घासून उजेड टाकते, आणि त्या उजेडात लांबीतला, म्हणजे पुट्टीतला, प्रत्येक उंचवटा, ती भरायच्या पत्र्याचा प्रत्येक ओरखडा लाटेसारखा उठतो. ग्लॉस मारायचा तर आधी लांबीचे थर आणि पॉलिश पेपरची घासाई यांत दुप्पट मजुरी घालावी लागते. ती टाळून वरचा डबा महाग घेण्यात पैसा वाया जातो.

खोल्यांचं म्हणायचं तर छताला सगळीकडे निस्तेज पांढरा मॅट. तिथे हात लागत नाही आणि तो उजेड सगळ्या खोलीत सारखा पसरवतो. खिडकी नसलेल्या मधल्या खोलीला याचा फार उपयोग होतो. झोपायच्या खोलीला मॅट, पलंगाच्या डोक्याकडची भिंत सोडून. बैठकीला चांगला धुता येण्याजोगा मॅट किंवा हलकी शीन, आणि दिवाणामागे सॅटिन. स्वयंपाकघरात फरशीच्या वर छतापर्यंत सॅटिन, कारण फोडणीचं तेल फरशीच्या उंचीवर थांबत नाही. न्हाणीघरात आधी वाफ बाहेर जायची सोय, मग बुरशीरोधक रंग. जिना, बोळ, दाराच्या चौकटीभोवतीचा भाग इथे खांद्यापर्यंत लस्टर किंवा इनॅमल. एक अडचण ध्यानात ठेवावी. मॅट भिंतीवर टच-अप मिसळून जातो, चमकत्या भिंतीवर तो ठिगळ होऊन उठून दिसतो आणि अख्खी भिंत पुन्हा करावी लागते. भाड्याने द्यायच्या घराला म्हणून मॅटच बरा.

जुन्या ऑइल पेंटबद्दल एक सावधगिरी. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग अशी ठरवणारे नियम भारतात 2016 साली झाले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या इनॅमलमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या छटांत, शिसं असू शकतं. असा पट्टा कोरडा घासून काढला की त्याची धूळ घरभर बसते आणि रांगत्या मुलांच्या पोटात जाते. तो ओला करूनच घासावा, मुलांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवावं, आणि रंगाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क असेल हे आपण पाहावं. तो दिवसभर ती धूळ खातो.

यंदा घर रंगवणार असाल तर दुकानात जाण्याआधी एक दिवस घर नुसतं पाहा. कोण कुठे बसतं, कुणाचं डोकं कुठे टेकतं, मुलं कोणत्या कोपऱ्यावर वळताना हात लावतात, कोणती भिंत पावसाळ्यात गार लागते. मग दोन फिनिशचे लहान डबे आणून त्याच भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन मारा, आणि ते सकाळच्या उन्हात, रात्रीच्या दिव्यात, हात लावून, तेलाचं बोट फिरवून, पुसून पाहा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला त्या भिंतीशी बसवा आणि विचारा, इथे टेकायला बरं वाटतं का. छटा त्यानंतर निवडा.